आमच्या कोठीतले किडे

आमच्या घरात सहा माणसे आहेत. ज्वारी, गहू आणि तुरी आम्ही घरच्याच खातो. वर्षाचे धान्य उन्हाळ्यात कोठीत भरतात. ते किडले तर विकत आणावे लागते. म्हणून आमची आजी दर पंधरा दिवसांनी कोठीत हात घालून पाहते. धान्य गरम लागले किंवा हाताला पीठ लागले, की समजायचे, आत कीड झाली.

मी आजीबरोबर सर्व किडे पाहिले. ज्वारीत व तांदळात सोंडे होतात. सोंडा काळपट असतो व त्याला पुढे सोंड असते. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवते. अळी आत बसून दाणा पोखरते. म्हणून धान्य चाळले तरी किडे पुन्हा निघतात. तुरी, मूग, हरभरा यांत भुंगेरे होतात. त्यांची पांढरी अंडी दाण्याला चिकटलेली दिसतात. आजी म्हणते, "भुंगा शेतातूनच शेंगेसंगं घरी येतो." पिठात तांबूस किडे होतात, त्यांना अख्खा दाणा फोडता येत नाही. रव्यात जाळ्या दिसल्या तर त्या पतंगाच्या अळीच्या समजाव्या.

यंदा मे महिन्यात पेरणीच्या तुरी काढल्या, तर पुष्कळ दाण्यांना भोके! बाबा म्हणाले, "गोळ्या आणून टाकतो." आजी म्हणाली, "लेकरं निजतात त्या घरात विष नको." गुरुजींनीही सांगितले, की त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो, त्याने माणसेसुद्धा दगावतात. राहत्या घरात त्या कधीच ठेवू नयेत.

मग आम्ही न निवडता १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळले. पाच दिवसांनी मोजले, तर ५८ च उगवले होते. बाबा काही बोलले नाहीत. बी विकत घ्यायचे तर ताईच्या पुस्तकांचे पैसे गेले असते.

आईने तुरी उन्हात घातल्या. मी, आई आणि ताई तीन दिवस सुपात भोकाचे दाणे निवडत होतो. माझे डोळे दुखले. चांगल्यातले १०० दाणे पुन्हा पोत्यात ठेवले. या वेळी ८६ उगवले. बाबा म्हणाले, "आता पेरायला हरकत नाही."

आजीने सांगितलेले उपाय असे आहेत :

१) धान्य कडक उन्हात वाळवावे. दाताखाली 'कट्' वाजले पाहिजे. गार झाल्यावरच भरावे.
२) कोठी रिकामी करून झाडावी, सांदीकोपरेसुद्धा. जुन्या धान्यात नवे मिसळू नये.
३) जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवावीत.
४) कडूनिंबाचा पाला सावलीत वाळवून घालावा. ओला पाला घातला तर धान्याला ओल लागते.
५) तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावावा.
६) बियाच्या तुरीत चाळलेली राख मिसळावी.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर मूठभर तुरी ताटलीत घ्या आणि पांढरे ठिपके आहेत का ते बघा. असतील तर आईला लगेच सांगा.

आमच्या वावरात यंदा घरच्याच बियाची तूर उभी आहे. शाळेत येताना ती रस्त्यावरून दिसते.

— इयत्ता ४ थी