रणगाड्यावरचा चिखल

पेणचे गणपती तुम्हांला ठाऊक आहेतच. पण त्यांच्या अंगावरचा तो मऊ गुलाबी रंग बहुतेक वेळा कुंचल्याने लावलेला नसतो, हे किती जणांना माहीत आहे? कारखान्यात कॉम्प्रेसर घरघरत असतो. त्याची नळी स्प्रे गनला जोडलेली. चाप ओढला, की हवेच्या जोराने रंगाचे बारीक बारीक थेंब होतात आणि धुक्यासारखे मूर्तीवर बसतात. कुंचल्याची रेघ कुठे दिसत नाही. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच! तिथे भलेभले श्वास रोखून बसतात.

या गनचा धाकटा भाऊ म्हणजे एअरब्रश. पेनासारखा धरायचा, तोंडाचे भोक साधारण ०.३ मिलिमीटर. रणगाड्यांची छोटी मॉडेल्स रंगवणारे जगभरचे हौशी लोक तोच वापरतात. मग ती टेबलावर मांडून लुटुपुटूच्या लढाया खेळतात, फासे टाकून, पट्टीने अंतर मोजून. आपण दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडतो ना, त्याचेच हे भावंड म्हणा!

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने गेल्या दिवाळीत उरलेल्या शाडूचा रणगाडा केला. त्याचे वडील कारखान्यात स्प्रेचे काम करतात. किल्ल्यावर रणगाडा? वर्गात हा गोंधळ! "महाराजांच्या वेळी कुठे होता रणगाडा?" मुलींचे म्हणणे बरोबरच होते. शेवटी किल्ल्याशेजारी वेगळे रणांगण करायचे ठरले.

रंगाचे धडे वडिलांनी दिले. मीही शिकून घेतले. रंग दुधाइतका पातळ हवा. गनचे तोंड वस्तूच्या बाहेर असतानाच चाप ओढायचा आणि हात चालता ठेवायचा. थांबलात की ओघळ आलाच. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. आधी काळपट रंग, मग फक्त वरच्या बाजूने हिरवा, म्हणजे खाचांत सावली आपोआप राहते. आणि नाकातोंडावर चांगला मास्क, नुसता रुमाल नव्हे. हे त्यांनी दोनदा बजावले. स्वतः मात्र इतकी वर्षे रुमालच बांधत आलेत.

रणगाडा छान हिरवागार झाला. तेव्हा मी वर्गात अरुण खेत्रपाल यांची गोष्ट सांगितली. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याला आग लागली. बाहेर पडा, असा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, म्हणून ते लढतच राहिले आणि तिथेच गेले. वय अवघे २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

वर्ग गप्प झाला. मग तो म्हणाला, "बाई, आत किती माणसं असतात?"

"त्यात चार होती."

दुसऱ्या दिवशी रणगाडा ओळखू येईना. चाकांपाशी तपकिरी चिखल फवारलेला, एका बाजूला काजळी. शत्रूचे रणगाडे करायचेच त्याने सोडून दिले होते. वरच्या झाकणातून वाटाण्याएवढे डोके बाहेर आलेले, अजून कोरेच.

"हे राहिलं का रे?"

"नाही बाई, ह्याला स्प्रे नको," तो म्हणाला. दप्तरातून त्याने वडिलांचा सगळ्यांत बारीक कुंचला काढला आणि डोळे आखायला बसला.