पॅलिओ, पप्पा आणि सोळा व्हॉल्व्ह

२००१ साली फियाट पॅलिओ भारतात आली तेव्हा तिच्या जाहिरातीत सचिन होता. त्यामुळे आपल्याला ती आठवते सचिनची गाडी म्हणून. तिच्या १.६ मॉडेलच्या बॉनेटखाली काय होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवर. रस्त्यावर ७९६ सीसीच्या मारुती ८०० ची रांग असण्याच्या काळात हे म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीत रेसचा घोडा. अ‍ॅव्हरेज विचारू नका.

पप्पांनी ती २०१० मध्ये सेकंडहँड घेतली. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक, सगळी नोकरी डिझेल इंजिनात गेलेली. २०१६ च्या उन्हाळ्यात तुळजापूरच्या घाटात वॉटर पंप गेला, इंजिन तापलं आणि हेड गॅस्केट उडालं. त्याच सुमारास माझी इंजिनिअरिंगची फी भरायची होती. पप्पांनी गाडी ओढून घरी आणली, पत्र्याच्या शेडखाली लावली, वर ताडपत्री टाकली आणि फी भरली. पुढे घरात कुणी गाडीचा विषय काढला नाही.

मी मेकॅनिकल शिकले आणि कॅम्पसमधून सॉफ्टवेअरला लागले. आपल्याकडे यात नवल नाही. पण पगार सुरू झाल्यापासून ते इंजिन डोक्यात घोळत होतं. माझी डिग्री ज्या पैशात झाली, ते पैसे त्याचे होते. पप्पा रिटायर झाले तेव्हा विचारलं, "खोलूया का?"

"माय, तुझे हात काळे होऊ नयेत म्हणून तर शिकवलं," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पान्यांचा डबा अंगणात होता.

मग महिन्यातून दोन वीकेंड पुणे ते धाराशिव. पहिला धक्का लगेच बसला: क्रँक फिरेना. फुटलेल्या गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरलं होतं आणि ८ वर्षांत रिंगा गंजून भिंतीला चिकटल्या होत्या. डिझेल आणि गिअर ऑइल ओतून ३ आठवडे ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा धरून ठोकत एकेक पिस्टन काढला. हेडवर सरळपट्टी ठेवली, तर खालून फिलर गेज आरपार गेलं. हेड वाकलेलं. बोअर मी डायल गेजने मोजला, पप्पांनी नखाने. "इथं कड लागतीय," ते म्हणाले. गेजही तेच सांगत होतं.

रिबोर करायचा तर ओव्हरसाइज पिस्टन हवेत, आणि गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झालेली. दोन महिने शोधल्यावर पुण्यात एका दुकानाच्या माळ्यावर एक संच मिळाला. तोवर पप्पांनी ब्लॉकला हात लावू दिला नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करायचा नाही, कारण कापलेलं लोखंड परत भरून येत नाही. आमच्या ऑफिसात दिवसाला दहा वेळा कोड मागे घेतात. इथे ती सोय नाही.

सोलापूरहून हेड आणि ब्लॉक करून आणले, इंजिन बांधलं, कॉम्प्रेशन तपासलं. तीन सिलिंडर १८० पीएसआय, तिसऱ्या नंबरचा ११०. त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडली. ऑइल भरायच्या तोंडाशी सुसाट आवाज आला असता तर रिंगा दोषी. पण आवाज सायलेन्सरमधून येत होता. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हता. पुन्हा हेड उतरवायचं. पुन्हा नवं गॅस्केट आणि नवे हेड बोल्टही, कारण कोन मोजून आवळलेले बोल्ट कायमचे ताणले जातात. त्या रविवारी मी हात धुतले, बॅग भरली आणि म्हटलं, "राहू द्या आता."

बुधवारी रात्री पप्पांचा फोन. लॅपिंग पेस्ट लावून त्यांनी सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह हाताने घासले होते. "हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल भरलंय. सकाळपासून थेंब गळला नाही. बोल्ट घेऊन ये."

पुढच्या वेळी चारही सिलिंडर १८० च्या आसपास. प्लग काढून आधी नुसतंच फिरवलं, ऑइलचा दिवा विझल्यावर प्लग लावले. दुसऱ्या सेल्फला इंजिन पकडलं. पप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आता ६४० किलोमीटर झालेत. १००० झाले की ऑइल बदलायचं. तोवर ३००० आरपीएमच्या वर न्यायचं नाही. घाटात माझा पाय जरा जड झाला, की शेजारच्या सीटवरून आवाज येतो, "माय, दमानं."