पोहरादेवी : एक समाज, तीन सरकारी नावे

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथेच आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा-कर्नाटकातूनही तांडे लोटतात. आपला तो 'गोर', परका तो 'कोर'. तांड्याला माणसाची ओळख ठरवायला दोन शब्द पुरतात.

सरकारला पुरत नाहीत. यात्रेत एकाच पंगतीला बसलेले, एकच गोरबोली बोलणारे तिघे कागदावर तीन वेगळे असतात : तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. आणि २०११ च्या जनगणनेत ही बोली मोजली गेली ती हिंदीच्या पोटात!

'विमुक्त' म्हणजे कशातून सुटलेला? शतकानुशतके बंजाऱ्यांच्या बैलांनी धान्य आणि मीठ वाहिले; मोगल फौजांची रसदही त्यांच्याच पाठीवर असे. पुढे पक्के रस्ते झाले, आगगाडी आली आणि तो व्यापार बसला. उरली ती भटकंती, आणि स्थिर पत्ता नसलेला माणूस इंग्रजांच्या लेखी संशयित. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. नोंद, हजेरी, बाहेर पडायला परवाना. अनेक बंजारा गट या कचाट्यात सापडले. देश स्वतंत्र झाला तरी सुटका व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले.

फिरत्या माणसाची ही धास्ती केवळ इथली नव्हे. कॅनडाच्या सरकारने १९४१ पासून इन्यूइट लोकांना क्रमांक कोरलेल्या चकत्या दिल्या, कारण त्यांची नावे दप्तराच्या रकान्यात बसत नव्हती.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत नंगारा वाद्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय खुले झाले. फार उशिरा, पण हवेच होते. शहरांनी या समाजाचा वारसा बहुधा नावापुरताच ठेवला. हैदराबादच्या 'बंजारा हिल्स'मध्ये आज बंगले आहेत. ज्यांच्या वस्तीवरून ते नाव पडले, ते तांडे नाहीत.

महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढायचा, तर कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे असल्याचा पुरावा लागतो. ज्यांचे पूर्वज बैलांमागे मुलूख तुडवीत होते, त्यांच्याकडे ना सातबारा, ना जन्मनोंद. मग आजोबा कधीतरी चार दिवस शाळेत गेले होते का, याचा शोध सुरू होतो. हजेरीपटावर जात 'लमाण' लिहिली असेल, तर ती 'बंजारा'च, हे पुन्हा समजावून सांगावे लागते.

संग्रहालयात दागिने आहेत, पेहराव आहेत. असा एखादा शाळेचा दाखलाही तिथे काचेआड ठेवायला हरकत नाही.