भाईजानची तार

हे लिखाण एकाच्या हातचे असले तरी बोलणे दोघांचे आहे. आम्ही भाईजानचे दोन धाकटे भाऊ. १९८२ ते १९९५ या काळात मिरजेच्या आमच्या ऑर्केस्ट्रात आमच्यापैकी एक जण लीड गिटार वाजवी, दुसरा ऱ्हिदम. आमच्या मागे, ड्रमच्या शेजारी, भाईजान बास गिटार घेऊन उभे असत. लग्ने, गणेशोत्सव, उरूस, कारखान्याचे वार्षिक कार्यक्रम. जिथे बोलावतील तिथे जायचे. लोक गायकाकडे बघत, फार तर लीड गिटारकडे. बासकडे कुणी बघत नसे. पण एखाद्या रात्री भाईजान आजारी पडले आणि त्यांच्याशिवाय कार्यक्रम झाला, की मांडवातले लोक म्हणायचे, आज काहीतरी पोकळ वाटले. काय ते त्यांना सांगता येत नसे.

२०२२ च्या पावसाळ्यात भाईजानच्या डाव्या हाताची अनामिका अडकू लागली. बोट मिटले की उघडायचे नाही, दुसऱ्या हाताने ओढले की खट्‌कन सरळ व्हायचे. डॉक्टर याला ट्रिगर फिंगर म्हणतात. साखरेचा आजार असलेल्यांना ते जास्त होते. भाईजानना साखर वीस वर्षांची. छोटी शस्त्रक्रिया झाली, बोट सुटले, पण जोर परत आला नाही. आणि बोटांची टोके तर त्याआधीच साखरेने बधिर करून ठेवली होती. त्यांनी बास गिटार अम्मीच्या जुन्या दुलईत गुंडाळून कपाटावर ठेवली. काही महिन्यांनी म्हणाले, "बेच डालो उसको. रखके क्या करना?" इचलकरंजीचा एक मुलगा घ्यायला तयारही होता. २०२३ च्या रमजान ईदनंतर येऊन घेऊन जाणार, असे ठरले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. गिटार विकायची तर विकू, पण हाताला सोसेल अशी तार आहे का हे तरी आधी बघू, असे ठरवून आम्ही कामाला लागलो. ईदला दोन महिने होते.

खरे सांगायचे तर तार निवडणे ही गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती. आमच्या काळात निवडायला होते काय? महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाणारा कुणी भेटला की त्याच्या हाती पैसे द्यायचे. तो धोबी तलावाच्या फुर्टाडोमधून जे पाकीट मिळेल ते आणायचा. गिटारच्या सेटला सर्वात बारीक तारेच्या जाडीवरून नाव असते. 'नऊचा सेट' म्हणजे पहिली तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची आणि सहावी बेचाळीस. 'दहाचा सेट' दहा ते सेहेचाळीस. कागदावर फरक केसाएवढा. पण नऊच्या सहा तारा मिळून मानेवर सुमारे ३८ किलोचा ताण देतात, दहाच्या सुमारे ४६ किलोचा. हे आठ किलो बोटांनाच उचलायचे असतात. आम्ही एका वर्षी नऊ, एका वर्षी अकरा असे काहीही चढवत गेलो आणि बोटे दुखली की रियाज कमी पडला असे समजलो.

बासची तार सहसा तुटत नाही. ती मरते. घाम आणि मळ वेढ्यांत बसतो आणि आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा होतो. मग भाईजान चारही तारा उतरवून अम्मीच्या पातेल्यात उकळत. मळ सुटायचा, दोन-तीन कार्यक्रम आवाज उजळायचा, पुन्हा मरायचा. अम्मी ते पातेले पुढे कशालाच वापरत नसे.

तुटायच्या त्या आमच्या तारा. एकदा मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाच्या दिवसांत जवळच्याच गावात कार्यक्रम होता आणि दुपारी लीडची दुसरी तार तुटली. जवळ दुसरी नाही. आम्ही सतारमेकर गल्लीत धावलो. मिरजेची ही गल्ली म्हणजे तंतुवाद्यांचे माहेर. शस्त्रे घडवणारे शिकलगार हात दीडशे वर्षांहून आधी सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ओळखीच्या चाचांकडे आम्ही आधी पिवळी पितळी तार मागितली, कारण ती दिसायला छान. तिथेच चढवली, छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून छेडली. पाचही तारा बोलल्या, ही मुकी! चाचांनी पिकअपला बोट लावले आणि हसले. "चुंबक है ना ये? चुंबक को पीतल क्या मालूम?" मग त्यांनी सतारीची बाजाची पोलादी तार दिली, ०.३० मिलिमीटरची. गिटारच्या दुसऱ्या तारेच्या अगदी जवळची जाडी. तिच्या टोकाला गिटारसारखा मणी नव्हता, तर तुटलेल्या तारेचा पितळी मणी काढून त्यात ती वळवून दिली. त्या रात्री आम्ही सतारीच्या तारेवर सिनेमाची गाणी वाजवली आणि कुणालाही कळले नाही. तेव्हापासून तुटलेल्या तारेचा मणी आम्ही फेकत नाही.

ते असो. आता प्रश्न भाईजानच्या हाताचा होता. त्यांच्या गिटारवर गोल वेढ्याच्या ४५-१०५ तारा होत्या, सगळे वाजवतात त्या. ३४ इंचांच्या लांबीवर यातली एकेक तार अठरा ते तेवीस किलोंनी ताणलेली असते. शिवाय गोल वेढ्याची तार कानशीसारखी खरबरीत. आवाज मोकळा, खणखणीत येतो तो त्या खरबरीतपणामुळेच. इंग्लंडच्या रोटोसाऊंडने साठच्या दशकात असल्या तारा बासवाल्यांच्या हाती दिल्या आणि बासचा आवाज बदलून गेला. त्याआधी सपाट पट्टीच्या वेढ्याच्या, गुळगुळीत तारा असत.

आमचा पुतण्या पुण्यात बँडमध्ये वाजवतो. त्याने सांगितले, चाचा, सपाट तार घ्या, मोटाऊनचा जेम्स जेमर्सन तीच वाजवायचा. आम्ही वाचले. डेट्रॉइटचा हा माणूस १९८३ मध्ये वारला. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. एक बोट हे ऐकून भाईजानही पहिल्यांदा जरा सरसावून बसले.

आम्ही सपाट तारांचा सेट मागवला, आणि तिथेच फसलो. गुळगुळीत म्हणजे मऊ, असे आम्ही धरून चाललो होतो. बोटाखाली ती काचेसारखी घसरायची खरी, पण दाबायला गोल तारेपेक्षा ताठ. सपाट वेढ्यात धातू गच्च बसतो, त्याच जाडीत वजन जास्त भरते आणि त्याच स्वराला ताण वाढतो. सगळेच सपाट सेट असे नसतात, कमी ताणाचेही मिळतात. आम्ही ते बघितलेच नाही. दोन दिवसांत गिटारची मान पुढे वाकली आणि तारा पडद्यांपासून आणखी उंच गेल्या. मानेतल्या सळईला पाव पाव आटा देऊन ती सरळ केली. भाईजानने दहा मिनिटे वाजवून हात झटकला आणि काही न बोलता चहा मागितला.

मग उलट टोक गाठले. गोल वेढ्याच्याच, पण बारीक ४०-९५ तारा, त्याही ऑनलाइन स्वस्तात मिळाल्या म्हणून. पहिली गोष्ट, तो माल डुप्लिकेट निघाला. नामांकित कंपनीचे पाकीट, आत भलतेच. सकाळी लावलेला सूर दुपारी उतरायचा. दुसरी गोष्ट वाईट. तारा हलक्या होत्या, भाईजान खुशीत अर्धा तास वाजवत राहिले. उठले तेव्हा आमच्या भावजयीने पाहिले, फ्रेटबोर्डवर लाल डाग. तर्जनी आणि मधले बोट चिरले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. बधिर बोटाला खरबरीत तार कापते आहे हे कळणार कसे? साखर असलेल्या माणसाची जखम म्हणजे घरात महिनाभराची काळजी. भावजय आमच्यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि तिचे चुकले असेही नाही. ती म्हणाली, "तुमको गिटार बचाना है या भाई को?"

जखम भरेपर्यंत तीन आठवडे गेले. मध्येच रमजान सुरू झाला. आम्ही गिटारचे नाव काढायचे बंद केले. पण रात्री तरावीहनंतर आमचे दोघांचे वाचन चालूच होते.

ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी आम्हाला त्याच दिवसांत सापडला. संगीत आमच्या आवडीचे नाही, फार गडगडाट. पण माणूस! १९६५ साली, सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली त्याच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबणाराच हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, आणि गिटारला पुरेशा हलक्या तारा मिळेनात म्हणून बँजोच्या तारा चढवल्या. (आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो नव्हे, तो वेगळा.) पुढे त्याने सूरच खाली उतरवून तारा सैल केल्या.

सूर उतरवणे! हे आम्हाला सुचायला हवे होते. एक अर्धस्वर उतरवला की ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो. आमची गायिका काळी पट्टीत गायची तेव्हा आम्ही सगळे अर्धा सूर उतरवून वाजवत होतोच की. फक्त ते तिच्या गळ्यासाठी होते, कुणाच्या हातासाठी नव्हे.

तिसरा सेट घेताना आम्ही नावे बघितली नाहीत, ताणाचे आकडे बघितले. काही कंपन्या प्रत्येक तारेचा ताण छापतात. पुतण्याने पुण्याच्या दुकानात प्रत्यक्ष जाऊन काळ्या नायलॉन पट्टीच्या वेढ्याच्या तारा आणल्या, चार हजारांच्या पुढचे काम. नायलॉन म्हटल्यावर आम्हाला चाचांची मुकी पितळ आठवली. पण आत गाभा पोलादाचाच असतो, नायलॉन फक्त वरचे कातडे; त्यामुळे पिकअपला ती ऐकू येते. नायलॉन वजनाला हलके, म्हणून तार जाड दिसली तरी ताण कमी, आणि बोटाला मेणासारखी गुळगुळीत.

जाडीची अडचण दुसरीकडे निघाली. मेरूच्या खाचेत तार बसेना, म्हणजे गिटारवाले ज्याला नट म्हणतात त्याच्या. घरच्या कानशीने आम्ही हात लावणार होतो, तो सुदैवाने आवरला. खाच थोडी जास्त खोल गेली की तार पहिल्याच पडद्यावर खणखणते. चाचा आता नाहीत. त्यांच्या मुलाने गिटार मांडीवर घेतली, बारीक कानशीचे चार-पाच हात प्रत्येक खाचेला दिले, फुंकर मारली आणि पैसे घेतले नाहीत. वर एक गोष्ट शिकवली, जी आम्हाला तेरा वर्षे वाजवूनही माहीत नव्हती: बासची तार खुंटीपुढे दोन खुंट्यांएवढी जास्त ठेवायची, आधी काटकोनात मोडायची आणि मगच कापायची, नाहीतर वेढा आतून सुटतो आणि तार जन्मतःच मेलेली निघते.

बाकीच्या सामानात फार वेळ घातला नाही. चार बोटे रुंद, आत स्पंज असलेला पट्टा घेतला, कारण चार किलोचे ओझे अरुंद पट्टा एकाच जागी टाकतो. सूर लावायला गिटारच्या डोक्याला चिकटणारे चिमट्याचे यंत्र घेतले. मोबाइलला सेकंदाला चाळीसएक कंपनांचा खर्ज धड ऐकू येत नाही, हे लाकडाचा कंप ओळखते. भाईजान म्हणाले, मला कान आहेत. आम्ही ते आमच्यासाठी ठेवले.

ईदच्या दिवशी, २२ एप्रिलला, शीरखुर्मा झाल्यावर आम्ही गिटार त्यांच्यासमोर ठेवली. सूर अर्धा उतरवलेला. भावजयीने आधी त्यांची बोटे उलटसुलट करून पाहिली, मग परवानगी दिली. त्यांनी खर्जाची तार छेडली. आवाज जाड आला, जरा अंधारा, पूर्वीसारखा चमकदार नाही. ते थांबले, पुन्हा छेडली. अनामिका वापरायचीच नाही असे त्यांनी ठरवले असावे. तीन बोटांनी, चालीत स्वर गाळत, जुने एक गाणे धरले. आमच्यापैकी एकाने रिकामा डबा ओढून ताल धरला. पाऊण तास झाला तेव्हा भावजयीनेच थांबवले आणि बोटे पुन्हा तपासली. लाली होती, चीर नव्हती.

दोन दिवसांनी इचलकरंजीचा मुलगा आला. भाईजानने त्याला बसवले, चहा दिला आणि त्याची बोटे बघायला मागितली. मग सपाट तारांचा तो ताठ सेट आणायला आम्हाला पिटाळले. "ये ले जा. तेरे हात में ताकत है," म्हणाले. गिटारचे काय, असे त्याने दोनदा विचारले. भाईजान त्याला तार कुठे मोडायची आणि कुठे कापायची ते दाखवत होते.