पाच सेंटांच्या पायऱ्या

पाचही पायऱ्या दिसल्या! भिंगाखाली, टेबलावरच्या एकाच दिव्याच्या उजेडात, एकीखाली एक, मधल्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. कुठे पुसट नाही, कुठे चेपलेलं नाही. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तशा एकमेकींपासून मोकळ्या! मी "अगं बाई!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून नवरा धावत खाली आला. त्याला वाटलं, मी बोट कापून घेतलं.

हे सगळं पाच सेंटच्या नाण्याबद्दल चाललंय, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर हसू नका. अमेरिकेत त्याला निकेल म्हणतात. इतकी वर्षं ते माझ्या पर्सच्या तळाशी, गाडीच्या कपहोल्डरमध्ये, वॉशिंग मशीनच्या पोटात लोळत असायचं आणि मी त्याची मागची बाजू धड पाहिलीसुद्धा नव्हती. पुढे थॉमस जेफरसन, मागे त्याचं व्हर्जिनियातलं घर, माँटिचेलो. मधोमध घुमट, त्याखाली खांब आणि खांबांच्या पायथ्याशी पायऱ्या. मिलिमीटरभर जागेत कोंबलेल्या. सध्या मला झोपेतही त्याच दिसतात.

सुरुवात झाली ती न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत. तिथे नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरते. मी गेले होते आजेसासऱ्यांच्या डब्यातले पंचम जॉर्जचे रुपये मिरवायला. नाणं जितकं जुनं तितकं मोलाचं, अशी आपली सरळ समजूत. तिथल्या पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी रुपये कौतुकानं हातात घेतले, परत दिले आणि आपल्या खिशातून पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत सील केलेलं एक निकेल काढून माझ्यापुढे ठेवलं. माझ्या मुलीपेक्षाही वयानं लहान असलेलं नाणं! डबीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: एमएस 67 एफएस. मी विचारलं, यात काय आहे? ते म्हणाले, "पायऱ्या मोज."

आणि मी मोजल्या. मग काय, गेले कामातून!

एमएस म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडल्यावर व्यवहारात न फिरलेलं, कोरं नाणं. पण कोऱ्यातही प्रती असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मोजपट्टी 1 ते 70 अशी असते आणि 60 पासून 70 पर्यंतचे अकरा टप्पे निव्वळ कोऱ्या नाण्यांचे. ही पट्टी विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थानं 1949 साली अमेरिकेतल्या सुरुवातीच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी आखली. हा माणूस धंद्यानं मानसशास्त्रज्ञ, माणसांच्या शरीरांचे प्रकार पाडणारा. पुढे उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट यानं आपल्याकडच्या हलक्या सेंटांशी गुपचूप बदलून लांबवले होते. प्रत ओळखायची नजर होती, यात मात्र शंका नाही! त्याचीच पट्टी घेऊन 1986 मध्ये पीसीजीएस आणि पुढच्या वर्षी एनजीसी या कंपन्या उभ्या राहिल्या. नाणं पाठवायचं, तिथले परीक्षक ते तपासणार, आकडा ठरवणार (यालाच ग्रेडिंग म्हणतात) आणि डबीत सील करून परत पाठवणार. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात.

एफएस म्हणजे फुल स्टेप्स, पूर्ण पायऱ्या. नाण्यावर मुळात सहा पायऱ्या कोरलेल्या आहेत. पीसीजीएस पाच सलग दिसल्या तरी हा शेरा देते. एनजीसी पाचवाल्यांना वेगळं आणि सहावाल्यांना वेगळं मोजते. पाच म्हणजे सोपं वाटतं ना? अजिबात नाही! निकेलमध्ये 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल, म्हणजे मिश्रण चांगलंच कडक. ठसे वरून खालून आदळतात तेव्हा धातूला प्रत्येक खोलगट जागेत शिरावं लागतं. एका बाजूला जेफरसनच्या डोक्याचा उठाव भरायचा, त्याच क्षणी पलीकडे पायऱ्यांच्या केसाएवढ्या रेघा भरायच्या. धातू डोक्याकडे धावतो आणि पायऱ्या उपाशी राहतात. त्यात ठसा जुना असेल तर त्याच्याच रेघा झिजलेल्या. 1953 साली सॅन फ्रान्सिस्कोत 1 कोटी 90 लाखांहून जास्त निकेल पाडली गेली, आणि त्यातली पूर्ण पायऱ्यांची नाणी इतकी दुर्मीळ की संग्राहक आयुष्यभर वाट बघतात. 1960 च्या दशकातली बहुतेक निकेल तर पायऱ्यांच्या बाबतीत अगदी केविलवाणी.

हे चित्र काढणाराही मला आता घरचा वाटायला लागलाय. फेलिक्स श्लाग, जर्मनीत जन्मलेला शिल्पकार. 1938 च्या स्पर्धेत 390 प्रवेशिकांतून त्याचं चित्र निवडलं गेलं, बक्षीस 1,000 डॉलर. त्यानं माँटिचेलो कोपऱ्यातून दिसतं तसं काढलं होतं. अधिकाऱ्यांनी ते बदलायला लावलं, समोरून काढ म्हणाले. म्हणजे आज ज्या पायऱ्या मी मोजतेय त्या अशा समोरासमोर आल्या त्या सरकारी हट्टामुळे. पहिल्या ठशात तर त्या लाटांसारख्या वाकड्या होत्या, 1939-40 मध्ये सरळ झाल्या. बिचाऱ्याची आद्याक्षरं नाण्यावर यायला 1966 उजाडावं लागलं. आणि ती आद्याक्षरं कोणती? एफ आणि एस! हे कळलं तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

तर मी बँकेत गेले. निकेलची अख्खी पेटी मागवता येते, हे कुणी मला आधी का सांगितलं नाही? एका रोलमध्ये 40 नाणी, 2 डॉलरची. पेटीत असे 50 रोल. 100 डॉलर द्यायचे आणि 2,000 नाणी घरी आणायची. न आवडलेली परत भरायची, पैसे जसेच्या तसे! असा स्वस्त छंद जगात दुसरा नसेल. फक्त पेटी 10 किलोची असते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "व्हेंडिंग मशीनचा बिझनेस आहे का?" मी हो म्हणून मोकळी झाले. पायऱ्यांचं कुठे समजावत बसू?

फिरून आलेल्या नाण्यांच्या पेटीतही गंमत असते. 1942 ते 1945 मधलं एखादं काळपट निकेल हाताला लागतं. युद्धासाठी निकेल धातू वाचवायचा म्हणून त्यांत 35 टक्के चांदी घातली आणि वेगळी ओळखू यावीत म्हणून टांकसाळीचं अक्षर घुमटाच्या वर भलं मोठं ठोकलं. फिलाडेल्फियाचा पी अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदा आला तो तेव्हा. असं नाणं मिळालं की अंगावर काटा येतो, पण ग्रेडिंगला त्याचा उपयोग नाही, हजारो बोटांनी ते गुळगुळीत केलेलं असतं. ग्रेडिंगसाठी हवेत टांकसाळीतून थेट बँकेत आलेले कोरे रोल. कागद फाडला की आतून जी झळाळी येते ती बघून पहिल्यांदा वाटतं, सगळीच पाठवावीत. पाच मिनिटांत भ्रम उतरतो.

कारण 2006 पासून जेफरसन नाण्यावरून थेट आपल्याकडे बघतोय आणि चेहऱ्यानं जवळजवळ अर्धं नाणं व्यापलंय. गालावर साधा टोचा असला तरी नजर तिथेच अडकते. हे टोचे येतात कुठून, ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत जाऊन बघितलं. आमच्याकडून ती फार लांब नाही आणि आत जायला पैसेही पडत नाहीत. काचेपलीकडे यंत्रं मिनिटाला 750 पर्यंत नाणी ठोकतात आणि ताजी, गरमागरम नाणी एकमेकांच्या डोक्यावर धडाधड कोसळतात. जन्मल्या क्षणी पहिला ओरखडा! त्या धबधब्यातून एखादं नाणं गाल न खरवडता, कडा न चेपता, पायऱ्या पूर्ण घेऊन बाहेर पडतं तरी कसं, याचंच मला नवल वाटतं.

बघायची रीत आता हाताला बसलीय. नाणं फक्त कडेवर धरायचं. खाली मऊ टॉवेल. एकच दिवा, बाकीचे बंद. नाणं हळूच कलवलं की उजेडाचे आरे गोल फिरताना दिसले पाहिजेत. ते मध्येच तुटले, तर तिथे घासलं गेलंय. मग गाल, मग पाठ आणि पायऱ्या अगदी शेवटी, कारण त्या आधी बघितल्या की बाकीचे दोष डोळ्यांआड होतात. पसंत पडलं तर पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटात, मायलरच्या खिडकीचं असेल तरच. मऊ पीव्हीसीची पाकिटं कालांतरानं नाण्यावर हिरवा चिकटा सोडतात.

आणि स्वच्छ? अजिबात करायचं नाही! सासूबाईंनी पुण्याहून फोनवर सांगितलं, "अगं, चिंच लाव, नाहीतर पीतांबरी. लख्ख होईल." देवाच्या तांब्याला ठीक आहे हो. पण घासलेल्या नाण्याला परीक्षक आकडाच देत नाहीत, नुसता 'डिटेल्स' असा शेरा मारतात, म्हणजे खेळ खलास. त्या म्हणाल्या, "मळकं ठेवून जास्त पैसे मिळतात? अमेरिकेत काहीही चालतं."

पैशांचं म्हणाल तर हिशेब रोखठोक आहे. एक नाणं तपासून घ्यायची फी त्याच्या किमतीच्या शेकडो पट, टपालखर्च वेगळा. अलीकडच्या सालचं 65 एफएस आलं तर फीसुद्धा निघत नाही. 67 किंवा 68 च्या आशेनंच पाठवावं, आणि तेही त्या सालची, त्या टांकसाळीची किती नाणी त्या प्रतीत आधीच नोंदलेली आहेत ते कंपनीच्या तक्त्यात बघून. तक्त्यात वरच्या आकड्यापुढे एक-दोनच नाणी दिसली की लोक वाटेल ती किंमत मोजतात. उद्या कुणी आणखी दहा पाठवली तर त्याच किमतीचा फुगा फुटतो. या आकड्यांच्या शर्यतीत मला फारसा राम वाटत नाही. (तक्ता मात्र मी रोज उघडते.) आणि सरकारचा हिशेब तरी कुठे जुळतोय? 2024 च्या आर्थिक वर्षात पाच सेंटचं एक निकेल बनवायला 13.78 सेंट खर्च आला!

पेटीभर नाण्यांतून पायऱ्यांच्या परीक्षेत टिकतात मोजकी. गाल, झळाळी आणि कडा बघितल्या की उरतं एखादं, कधी तेही नाही. माझं ते ओरडायला लावणारं नाणं सगळ्या चाळण्यांतून पार पडलं. आजोबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ भिंग लावून बघितलं, नाणं उलटंपालटं केलं, दिवा जवळ ओढला आणि म्हणाले, "पाठव." त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, तरी परत येताना गाडीत मी मोठमोठ्यानं गात होते.

आता अडचण अशी की इकडच्या पेट्यांत जवळजवळ सगळा पी भरलेला. डेन्व्हरचा डी क्वचितच दिसतो. आणि माझे धाकटे दीर राहतात कुठे, तर डेन्व्हरला! लगेच फोन केला. म्हटलं, "भाऊजी, बँकेत जा आणि निकेलचे नवे कोरे रोल मिळतील तेवढे घेऊन ठेवा. उघडू नका, हात लावू नका, मी येतेय." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "वहिनी, दादाची नोकरी ठीक आहे ना? काही कमी पडत असेल तर संकोच करू नका. पाच पाच सेंट कशाला, मी चेक पाठवतो."

चेक नको म्हटलं, रोल घ्या. शनिवारी जाणारेत.