आधी तेलुगू

फादर व्हायला निघालेल्या पुतण्याला त्याच्या धर्मसंस्थेने ईशज्ञान शिकायला हैदराबादला धाडलं तेव्हा वहिनी फुरंगटल्या. पुणं जवळ असताना एवढ्या लांब कशाला? त्यांचंही खरं होतं. पोप लिओ तेरावे यांनी 1893 साली सिलोनमधल्या कँडीत काढलेली पेपल सेमिनरी 1955 मध्ये पुण्याला आली, तेव्हापासून आम्हा वसईकरांना सेमिनरी म्हटलं की गोरेगाव नाहीतर पुणं. मी नोकरीसाठी सिकंदराबादला होतो, त्यामुळे रविवारी जाऊन पोराला बघून यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या संस्थेचं घर सेमिनरी वाटतच नव्हतं. भाड्याचा बंगला, गच्चीवर दोऱ्यांना टांगलेले सदरे आणि प्रत्येक कॉलरच्या आत दोऱ्याने शिवलेला नंबर. कपडे एकत्र धुतात, म्हणून. ओडिशा, झारखंड, तेलंगणा, वसई असे सगळीकडचे ब्रदर. वर्ग इंग्रजीत चालायचे. पण रविवारी आसपासच्या गावांत मिस्सेला मदत करायची, तिथे इंग्रजीचा काय उपयोग? रेक्टर फादरांचा दंडक होता, आधी तेलुगू, मग ईशज्ञान.

पुतण्या आपला उपदेश आधी स्वयंपाकघरात वाचून दाखवायचा. स्वयंपाक करणाऱ्या अक्का गोंगुऱ्याची भाजी निवडता निवडता ऐकत. एकदा माझ्यासमोरच त्यांनी त्याला मध्ये थांबवलं आणि हातानेच खूण केली, अर्धं कापून टाक. लोकांना शेतावर जायचं असतं म्हणे. ईशज्ञानाच्या परीक्षेत असा परीक्षक मिळत नसावा.

पुढे संस्थेने स्वतःची जागा घेतली. आधी ग्रंथालय उभं राहिलं, खोल्या नंतर. हा क्रम मला आवडला. विद्यार्थी वाढले तसे बाहेरून शिकवायला येणारे वाढले, इतर संस्थांचे ब्रदरही वर्गांना बसू लागले. भिंतीला प्लॅस्टर नसतानाच वरच्या मजल्याचं सेंट्रिंग लागलेलं असायचं. पैसा कुठून येतो, हे मी विचारलं नाही. वहिनींनी मात्र विचारलं होतं.

पूर्वी हैदराबादने मिशनरी बाहेरून आलेलेच पाहिले होते. मिलानला 1850 मध्ये स्थापन झालेल्या मिशन संस्थेचे इटालियन फादर 1855 साली इथे पोचले. गनफाउंड्रीचं सेंट जोसेफ कॅथेड्रल त्यांच्याच काळातलं. पुढे रामंतापूरला सेंट जॉन्स ही तेलुगू धर्मप्रांतांची सेमिनरी झाली आणि हळूहळू ओघ उलटा फिरला. आज अमेरिकेतल्या किती तरी पॅरिश तेलुगू फादर सांभाळतात. पुतण्याच्या वरच्या वर्गातला एक जण तर थेट इटलीलाच गेला. तिथे आता चर्चमध्ये म्हातारी माणसं उरलीत आणि फादर मिळत नाहीत.

हे मी वहिनींना फोनवर कौतुकाने सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे ह्यालाही तिकडे धाडणार?"

पोरगा शेजारीच उभा होता. म्हणाला, "काका, आईला सांगा, अजून अक्कांनी पास केलेलं नाही."