लाकडी घराला रंग देताना

12 एप्रिल

सिएटलचा पाऊस आज दुपारभर थांबला, तेव्हा वही घेऊन घराला एक फेरी मारली. घर 1973 सालचं. बाहेरून चारही बाजूंना सीडरच्या फळ्यांचं साईडिंग. एकाच घराच्या चार भिंती, पण चौघींची दुखणी वेगळी. दक्षिणेकडे ऊन खाऊन लाकूड चंदेरी राखाडी झालंय. उत्तरेला शेवाळाचा हिरवा थर. पूर्वेला फारसं काही झालेलं नाही. पश्चिमेची दर्शनी भिंत तेवढी गुळगुळीत फळ्यांची आणि रंगवलेली, तिथे पोपडे सुटलेत. बाकी तिन्ही भिंतींना जुना पातळ स्टेन आहे आणि त्यांच्या फळ्या करवतीच्या खरखरीत पृष्ठभागाच्या आहेत.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, कोणता ब्रँड हवा? आजच्या फेरीनंतर वाटतं, तो प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा.

14 एप्रिल

एकही पोपडा खरवडायचा नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं. अमेरिकेत घराच्या रंगातल्या शिशावर 1978 साली बंदी आली. आमचं घर त्याआधीचं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूचं कायमचं नुकसान करते आणि खरवडलेला रंग अंगणातल्या मातीत मिसळतो. सर्वांत खालच्या थरापर्यंत जाऊन पोपड्यांचे तुकडे काढले, पिशवीत बंद केले आणि प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल येईपर्यंत काम बंद.

3 मे

शिसं नाही. मोठा घोर मिटला.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला अमेरिकी वनखात्याची लाकूड-संशोधन प्रयोगशाळा आहे, 1910 सालापासूनची. तिथल्या लाकूड-पुस्तिकेतलं रंगकामाचं प्रकरण रात्री वाचत बसले. लाकडाचे तंतू लिग्निन बांधून ठेवतं. उन्हातली अतिनील किरणं आधी त्या लिग्निनवर तुटून पडतात. ते मोडलं की पाऊस ते धुऊन नेतो आणि वर सैल, राखाडी तंतू उरतात. या सैल तंतूंवर रंग दिला तर तो लाकडाला धरत नाही. तंतू निघाले की रंगही निघतो. कोरी फळी लावल्यावर दोन आठवड्यांच्या आत रंगवा, हा सल्ला याच कारणासाठी.

दुसरी एक गोष्ट वाचून मात्र धीर आला. उघड्यावरचं सीडर शंभर वर्षांत साधारण 12 मिलिमीटर झिजतं. म्हणजे ऊन घराचा पृष्ठभाग बिघडवतं, पण घर संपवत नाही. घर संपवतं पाणी. फळीत शिरून तिथेच राहणारं पाणी.

11 मे

आज पर्याय मांडून पाहिले.

पाणी झटकणारं नुसतं पारदर्शक द्रव्य लाकडाचं रूप जसंच्या तसं ठेवतं, पण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा द्यावं लागतं. तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन लाकडात मुरतो. गुळगुळीत फळीवर तो 2 ते 4 वर्षं राहतो, खरखरीत फळीवर जास्त, कारण तिथे तो जास्त शोषला जातो. अपारदर्शक स्टेन लाकडाच्या रेषा झाकतो आणि पातळ रंगासारखाच वागतो. चांगलं प्रायमर आणि वर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात दिले तर 7 ते 10 वर्षं. रंगद्रव्य जितकं जास्त तितकी किरणं अडतात. रंग सर्वांत जास्त टिकतो याचं कारण तेच.

आकडे पाहिले तर रंगच जिंकतो. पण मी दुसरा रकाना आखला: जाताना कसा जातो? मुरणारा स्टेन नुसता फिका पडत जातो. धुवा, वाळू द्या, वरून नवा हात द्या, झालं. रंगाची मात्र साय असते. साय फाटली की पाणी तिच्या मागे शिरतं, फुगे येतात, पोपडे सुटतात. मग खरवडणं, घासणं, पुन्हा प्रायमर. टिकाऊपणा मोजताना या पुढच्या कष्टांचा हिशेब धरायलाच हवा. शिडीवर चढणारं माणूसही दर खेपेला दहा वर्षांनी म्हातारं झालेलं असतं.

18 मे

राजापूरला आईला फोन लावला. घर रंगवायचं चाललंय म्हटलं, तर म्हणाली, "अगं, रंगाचं मागाहून बघ. आधी पागोळी कुठे पडते ते बघ."

कोकणातली घरं मातीच्या भिंतींनिशी पाऊस काढतात ती उतरत्या छपराच्या जोरावर. वळचण भिंतीपासून चांगली लांब येते, पाणी भिंतीला शिवतच नाही. आमच्या या घराची वळचण दक्षिणेला जेमतेम वीतभर. पन्हळ पालापाचोळ्याने तुंबलेली, आणि पाणी थेट फळ्यांवरून वाहतं. खालच्या ओळीतल्या फळ्या तिथेच मऊ झाल्यात. रंग बिचारा काय करणार?

पन्हळ साफ केली. बागेतला पाण्याचा फवारा भिंतीवर उडायचा, त्याचं तोंड फिरवलं. भिंतीला टेकलेली झुडपं छाटली.

25 मे

शेजारचे आजोबा आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांनी फळीचं टोक दाखवलं. पाणी फळीच्या सपाट बाजूपेक्षा टोकातून कितीतरी वेगाने आत जातं, म्हणून कापलेलं प्रत्येक टोक रंगाने बंद करायचं आणि नवी फळी ठोकण्याआधी तिच्या पाठीलाही प्रायमर द्यायचं. खिळे स्टेनलेस स्टीलचेच. सीडरमधल्या अर्काशी साध्या लोखंडाची गाठ पडली की काळेनिळे ओघळ उतरतात. लाकडाला कुजू न देणारी द्रव्यंही सीडरच्या अर्कातच असतात. आणि एक फळी दुसरीवर जिथे चढते तिथली खालची फट कॉलकिंगने बुजवायची नाही. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायची तीच वाट.

1 जून

निर्णय झाला. तीन खरखरीत भिंतींवर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. लगेच शोषले गेले, म्हणजे लाकूड मुरणारा स्टेन घ्यायला तयार आहे. तिथे तेलाचा अर्धपारदर्शक स्टेन. दर्शनी भिंतीवर आधीच रंगाचे थर आहेत. त्यातून स्टेन मुरणार नाही, म्हणून तिथे रंगच. त्या भिंतीला आमचे हे गडद कोळशाची छटा म्हणत होते. मी त्यांना दुपारी चार वाजता भिंतीवर हात ठेवायला सांगितला. पश्चिमेचं ऊन, त्यात गडद रंग म्हणजे लाकूड आणखी तापणार, फळ्या तडकणार. फिकट करडा ठरला.

22 जून

कुजलेल्या फळ्या बदलल्या. धुलाई ऑक्सिजन ब्लीच आणि मऊ ब्रशने, वरून साधं पाणी. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र मुद्दाम आणलं नाही. त्याने तंतू उपटले जातात आणि पाणी फळ्यांच्या मागे घुसतं. दर्शनी भिंतीचे सुटे पोपडे खरवडले, राखाडी लाकूड पॉलिश पेपरने घासून खाली ताजा तांबूस रंग दिसेपर्यंत नेलं.

13 जुलै

इथला कोरडा हंगाम जुलै-ऑगस्टचाच, म्हणून कामाला हेच दिवस. सावलीमागून फिरत स्टेन दिला. तापलेल्या फळीवर तो मुरण्याआधीच वाळतो. एक फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरी करायची, मध्ये थांबलं की जोडाचा पट्टा उमटतो. जास्तीचा स्टेन पुसून घेतला.

हे ठळक लिहून ठेवते: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना तेल तापतं आणि ढिगातली फडकी आपोआप पेट घेतात. झाकण असलेल्या, पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यातच ती टाकायची.

27 जुलै

दर्शनी भिंतीला डाग अडवणारं प्रायमर. साधं प्रायमर दिलं तर सीडरचा अर्क रंगातून वर येतो आणि फिकट छटेवर चहासारखे डाग पडतात. वर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात. हा रंग लवचीक राहतो, फळी फुगली-आकसली तरी सोबत राहतो. संध्याकाळी दव पडण्याआधी पुरेसा वेळ ठेवून हात थांबवला.

10 ऑगस्ट

काम पुरं झालं. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक भिंतीचं नाव, दिलेलं द्रव्य, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहिली. दर वसंतात फेरी मारायची: पन्हळ, फळ्यांची टोकं, खालच्या ओळी. दक्षिणेच्या भिंतीवर पाण्याचे थेंब टाकायचे. शोषले गेले की त्याच उन्हाळ्यात तिला नवा हात, बाकीच्या भिंतींची वाट न बघता. घर एकदाच रंगवून निश्चिंत होता येत नाही. म्हणून निवडायचं ते असं, ज्याची डागडुजी आपण दरवेळी आनंदाने करू शकू. हे घर पुढे ज्यांच्या हाती जाईल, त्यांना किल्लीबरोबर ही वहीही द्यायची आहे.